रस्सा सासऱ्यांना आणि मटण बाकीच्यांना, असं करू नका

पत्र : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. दीड महिन्यापूर्वी मोरीत पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. माझी नणंद पंधरा मैलांवर दिली आहे. ती रोज सकाळी एसटीने पायाच्या रश्श्याचा डबा पाठवते. "हाड जुळायचं तर पायाच पाहिजे, दुसरं काही नको," असं तिचं म्हणणं. सासरे तांब्याभर रस्सा पितात आणि मग जेवणच नको म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी वजन ६१ किलो होतं, आता ५६ आहे. सासूबाई माळकरी आहेत. वाराच्या दिवशीसुद्धा डबा येतो म्हणून त्या नाराज असतात. डॉक्टरांनी प्रोटीन वाढवा म्हणून पावडर लिहून दिली, ती मिस्टरांना पटत नाही. घरचं सोडून डब्यातलं कशाला, असं ते म्हणतात. रस्सा चालू ठेवू की बंद करू? नणंदेला दुखवायचं नाही, पण सासरे दिवसेंदिवस वाळत चाललेत.
— एक सून, जिल्हा कोल्हापूर

ताई, रस्सा बंद करू नका. पण ज्या पद्धतीने तो चालला आहे ती आजच बदला, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ पायाबद्दलची नाही, वजनाबद्दलची आहे. दीड महिन्यात पाच किलो हा म्हाताऱ्या माणसासाठी मोठा फटका आहे. गेलं ते बरंचसं मांडीचं आणि पोटरीचं मांस गेलं. खुब्याचं हाड सर्जनने रॉड किंवा स्क्रू घालून धरून ठेवलं आहे. पण त्या हाडावर उभं राहायला लागणारी ताकद मांडीत असते, आणि ती मांडी सध्या झिजते आहे. पुन्हा तोल जाऊन पडण्याची भीतीही त्यातूनच येते.

पायाच्या रश्श्यात नेमकं काय असतं, ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उद्याच्या डब्यातली एक वाटी रस्सा गाळून पसरट कढईत घाला आणि मंद आचेवर आटवा, करपू देऊ नका. वरचा तूपट थर बाजूला केला की तळाशी चिकट असं चमचा-दोन चमचे काहीतरी उरेल, आणि त्यातही मीठ-मसाला आहेच. बाकीचं सगळं पाणी होतं. प्रसिद्ध इंग्रज परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० च्या सुमारास हेच सांगितलं होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये आजाऱ्याला गोमांसाचा पातळ अर्क पाजायची पद्धत होती आणि घरोघर लोकांचा त्याच्यावर भारी विश्वास. तो आटवून बघा, खाली किती राहतं ते कळेल, असं तिने लिहून ठेवलं. तिने त्या अर्काला टाकाऊ म्हटलं नाही, आजाऱ्याला त्याने हुशारी येते हे तिला मान्य होतं. फक्त त्यावर माणूस पोसला जातो हा समज तिने खोडून काढला.

फ्रिजमध्ये ठेवलेला पायाचा रस्सा थिजून थरथरतो, ते पाहून लोकांना वाटतं की हीच ती ताकद. ते जिलेटिन आहे. खुराजवळच्या शिरा, कातडी, सांध्यातली कूर्चा यांतलं कोलॅजन तासन्‌तास शिजलं की विरघळून जिलेटिन होतं. तेही प्रोटीनच आहे, पण अपुरं. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी जी अमिनो आम्लं आहेत, त्यांतलं ट्रिप्टोफॅन त्यात नसतंच. नुसत्या जिलेटिनवर मांस भरून येत नाही. आणि पोटात गेलं की त्याचेही इतर प्रोटीनसारखेच बारीक तुकडे होतात. ते उचलून खुब्याच्या हाडाला लावण्याची काही व्यवस्था शरीरात नाही.

राहिलं कॅल्शियम. हाडं उकळली म्हणजे हाडातलं कॅल्शियम पाण्यात उतरलं, हा तर्क सरळ वाटतो, म्हणून तो इतका टिकला आहे. प्रत्यक्षात हाडातलं कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात घट्ट बसलेलं असतं आणि साध्या उकळण्याने फारच थोडं सुटतं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मॅकॅन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये मुलांना देतात ते हाडांचे रस्से तपासले होते. त्यांत कॅल्शियम दुधापेक्षा कितीतरी कमी निघालं. पेलाभर म्हणजे २०० मिली दुधात साधारण २४० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. सासूबाईंच्या चुलीवर रोज तापणारं दूध हाडासाठी या डब्यापेक्षा जास्त कामाचं आहे. हे त्यांना मुद्दाम सांगा, त्यांना बरं वाटेल आणि ते खरंही आहे.

मग रस्सा कशाला द्यायचा? आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते, घसा कोरडा असतो, पाणी पी म्हटलं की नको म्हणतो. अशा माणसाला गरम, आलं-मिरी घातलेला, मटणाच्या वासाचा घोट दिला की लाळ सुटते, पोट जागं होतं, पाणी आणि थोडं मीठ आपोआप आत जातं. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर वाफेने मोकळं होतं. गोळ्यांनी कडू झालेल्या तोंडाला एवढंही फार असतं. आणि लेकीने पहाटे उठून आपल्यासाठी केलं आहे, हे त्या वाटीतून सासऱ्यांना पोचतं. मी कुठल्याही घरात रस्सा सरसकट बंद करायला सांगत नाही ते याच कारणाने.

आपल्या जुन्या वैद्यकाने याची जागा फार नेमकी ठरवली होती. पंचकर्मानंतर अग्नी मंद झालेल्या माणसाला हळूहळू जेवणावर आणायचा जो क्रम चरकसंहितेत आहे, त्यात आधी पेया, म्हणजे तांदळाची पातळ पेज, मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज, मग कडधान्याचं यूष, म्हणजे कढण, आधी बिनफोडणीचं आणि मग तूप-तेल आणि मीठ घातलेलं, त्यानंतर मांसरस, आणि मग नेहमीचं जेवण. मांसरस ही तिथे वर चढायची पायरी आहे. तुमचे सासरे दीड महिना त्याच पायरीवर बसून आहेत. त्यांचं पोट जेवणाला कधीच तयार झालं असणार, पण तांब्याभर रश्श्याने ते भरून जातं आणि भाकरीला जागाच उरत नाही.

आपल्या घरांत दिसणारी एक गोष्ट मला मनापासून खटकते. मटण शिजतं, त्याचं अळणी पाणी, म्हणजे तिखट न घातलेला पातळ रस्सा, आजाऱ्याच्या वाटीत जातं, आणि त्यातले तुकडे तांबड्या रश्श्यात पडून धडधाकट माणसांच्या ताटात. आजाऱ्याला "मऊ, हलकं" म्हणून पाणी आणि ज्यांना गरज कमी त्यांना मांस. यात कुणाची नियत वाईट नसते, उलट काळजीच असते. पण प्रोटीन तुकड्यात राहिलेलं असतं. १०० ग्रॅम बिनहाडाच्या कच्च्या मटणात जवळजवळ २० ग्रॅम प्रोटीन, आणि चांगल्या थिजणाऱ्या पायाच्या वाटीभर रश्श्यात ढोबळ मानाने पाच-सहा ग्रॅम, तेही वर सांगितलं तसं अपुरं. पातळ अळणी पाण्यात त्याहून कमी.

आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५६ किलोला ते ६७ ते ८४ ग्रॅम होतं. रश्श्यावर हा आकडा गाठायचा तर दिवसाला बारा-पंधरा वाट्या पाजाव्या लागतील, आणि मग दुसरं काहीच खाता येणार नाही.

त्याआधी एक काम करा. ऑपरेशनच्या वेळच्या रिपोर्टांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) किती होतं ते बघा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "किडनी प्रोटीन वाढवण्याइतकी ठीक आहे ना?" शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसात हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. किडनी कमकुवत असेल तर माझे पुढचे आकडे त्यांना लागू नाहीत, डॉक्टर ठरवतील तेवढंच. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, पायाचा अंगठा अधूनमधून सुजत असेल, तर मटणातले युरिक ॲसिड वाढवणारे प्यूरिन उकळताना पाण्यात उतरतात, म्हणून रस्साच जास्त त्रास देतो. पावलांवर सूज असेल किंवा हृदयाचं काही निघालं असेल, तर मीठ आणि एकूण पाणी किती, हेही विचारून घ्या. आणि रस्सा पिताना ठसका लागत असेल, पिऊन झाल्यावर आवाज घोगरा होत असेल, तर ती गोष्ट लगेच सांगा. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पलंगावर आडवं असताना चमच्याने पाजू नका, खुर्चीत ताठ बसवूनच द्या.

किडनी ठीक आहे असं कळलं, की पाया आठवड्यातून एखाद्या वेळी ठेवा आणि इतर खाण्याच्या दिवशी घरच्या मटणाचं अळणी करा. कोल्हापूरकडच्या सुनेला अळणी मी शिकवायला नको, पण आजाऱ्यासाठी थोडा फरक आहे. पाव किलो मटण घ्या, गर्दनीचं किंवा पुढच्या पायाचं, फार चरबी नसलेलं. खाटकाला तुकडे लहान करायला सांगा. चमचाभर तेलावर कांदा परता, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण आणि हळद घाला, मटण टाकून परतून घ्या. पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी ओता आणि मटण आधी स्वतःच्याच सुटलेल्या पाण्यात वाफवू द्या. ताटातलं पाणी तापलं की तेच आत सोडा. ही जुनी रीत मला कुकरपेक्षा आवडते. गार पाणी न पडल्याने मटण दडस होत नाही आणि पाणी बेतानेच पडतं. मीठ शेवटी, निम्मं घाला. तुकडा दोन बोटांनी दाबल्यावर तुटला पाहिजे इतकं शिजवा. कुकरलाच लावायचं असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून अर्धा तास ठेवा.

आता त्यातले चार-पाच तुकडे हाडापासून सोडवा, बोटांनी नीट चाचपून बारीक कण काढून टाका. म्हाताऱ्या माणसाच्या घशात हाडाचा चिमुकला तुकडासुद्धा घात करतो. ते मांस मिक्सरवर किंवा पाट्यावर जाडसर करा. कवळी सैल झाली असेल तर चार घोट अळणी पाणी घालून अगदी मऊ करा. वजन इतकं उतरल्यावर हिरड्याही बसतात आणि कवळी सैल होते. अन्न नको म्हणण्यामागे कधीकधी तेवढंच कारण असतं, म्हणून तेही बघा. उरलेल्या अळणी पाण्यात तांदूळ आणि मूठभर मूगडाळ घालून आसट भात शिजवा, त्यात हे मांस कालवा, वरून अर्धा चमचा तूप. आधणाला पाण्याऐवजी रस्साच गेला, म्हणजे चव तीच, वास तोच आणि पोटात मात्र जेवण जातं. सासऱ्यांना "हा रस्साच आहे, भातातला" असं सांगा.

वेगळा रस्सा द्यायचाच तर जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं, चहाच्या कपाने, अर्धा कप. वर लिंबू पिळा, पण वाटीत वाढल्यावर, उकळताना नको. जखम भरायला शरीर जे कोलॅजन स्वतः तयार करतं, त्याला सी जीवनसत्त्व लागतं. ते उकळीत बरंचसं जातं.

खाण्याच्या दिवशी हिशेब असा बसतो. सकाळी पेलाभर दूध आणि दोन उकडलेली अंडी, साधारण १८ ग्रॅम. दुपारी ७० ते ८० ग्रॅम बिनहाडाच्या मटणाचा वर सांगितलेला भात आणि वाटीभर दही, मिळून पंचवीसच्या आसपास. चार वाजता मूठभर डाळं किंवा फुटाण्याचं पीठ ताकात कालवून, पाच-सहा. रात्री घट्ट वरण, मऊ भाकरी आणि झोपताना दूध, सोळा-सतरा. झाले ६५, म्हणजे खालच्या आकड्याच्या जवळपास. शुगरसाठी साखर आणि गूळ वगळा. भाताचं प्रमाण त्यांच्या गोळ्यांप्रमाणे ठेवा. एकदम एवढं जाणार नाही, पहिला आठवडा निम्म्यावर समाधान माना. तीन मोठ्या ताटांपेक्षा सहा लहान वाट्या सोप्या जातात.

सासूबाईंच्या नाराजीबद्दल. त्यांचं म्हणणं मोडायची काहीच गरज नाही. वाराच्या दिवशी पाया पोटात गेला नाही म्हणून हाड जुळायचं थांबत नाही. त्या दिवशी घट्ट पिठलं, मुगाची धिरडी, दही, पनीर, दाण्याचं कूट घातलेली भाजी, भाकरीच्या पिठात थोडं सोयाबीनचं पीठ. पन्नास ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात ११ ग्रॅम प्रोटीन आहे, म्हणजे तुमच्या डब्यातल्या वाटीपेक्षा दुप्पट. एकादशीला दूध, दही आणि दाण्याची आमटी आहेच. हा स्वयंपाक सासूबाईंच्या हातात द्या. गळ्यात माळ असलेल्या माणसाला आपल्या नवऱ्याच्या आजारपणात काही करता येत नाही, फक्त वास सहन करायचा, ही त्यांच्या बाजूची अडचण आहे. निम्मा आठवडा त्यांच्या चुलीवर चालेल तेव्हा ती अडचण बरीच कमी होईल. मटणाची भांडी परसात वेगळी ठेवत असाल तर तशीच ठेवा.

वाराच्या दिवशी हिशेब कमी भरला तर त्या दिवसांपुरती पावडर वापरा. मिस्टरांना सांगा की ती दुधापासूनच किंवा सोयाबीनपासून केलेली असते, औषध नाही. पोटभर खाणाऱ्याला तिची गरज नसते. पण तुमचे सासरे सध्या पोटभर खात नाहीत. डब्यावर साखर किती लिहिली आहे ते वाचून घ्या, शुगर असलेल्यांसाठी वेगळी मिळते.

आता एसटीच्या डब्याचं बोलायला हवं, कारण मला त्याची खरोखर काळजी वाटते. पहाटे उकळलेला रस्सा डब्यात भरून, बसमध्ये तास-दीड तास आणि मग तुमच्या ओट्यावर कोमट, हे जंतू वाढायला अगदी सोयीचं आहे. मटणात असे जंतू असतात ज्यांची बीजं उकळीतही मरत नाहीत आणि रस्सा कोमट झाला की भराभर वाढतात. तुम्ही आल्यावर उकळलात तरी काही जंतूंनी सोडलेलं विष तसंच राहतं. धडधाकट माणसाला एखादा जुलाब होऊन जाईल; सासऱ्यांना जुलाब लागले तर बीपी उतरेल, रात्री घाईने उठतील आणि पुन्हा पडतील. म्हणून रस्सा थर्मासमध्ये कढत आला तरच घ्या, नाहीतर आदल्या दिवशी फ्रिजमध्ये थिजवलेला, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेला. आल्यावर चांगली उकळी आणून द्या. दोन तासांहून जास्त कोमट राहिलेला असेल तर टाकून द्या, कितीही वाईट वाटलं तरी. थिजवलेल्याचा आणखी एक फायदा, वरची चरबी चमच्याने अलगद उचलता येते.

नणंदेला काय सांगायचं? तिला खोटं पाडू नका, काम द्या. फोन करून म्हणा, "वन्सं, तुमच्या हातच्या रश्श्याने मामांच्या तोंडाला चव आली. आता डॉक्टर म्हणतात त्यांना मांस खाऊ घाला, आणि ते माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतात. बुधवारी आणि रविवारी खिमा करून तुम्ही स्वतः आणाल का? जवळ बसून दोन घास भरवाल का?" रोज पहाटे उठून पाया भाजणं, खरवडणं, उकळणं हे किती कष्टाचं आहे हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. आठवड्यातले दोन दिवस वडिलांसमोर बसायला मिळाले तर ती बाकीचे डबे सोडायला तयार होईल असं मला वाटतं. आणि तिच्या हातून घास गेला तर सासरे नाही म्हणणार नाहीत.

हाडाबद्दल एक गोष्ट कुठल्याच स्वयंपाकघरात होण्यासारखी नाही. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडतं, तेव्हा या वयात बहुतेक वेळा हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. एक बाजू जोडली, दुसरी तशीच आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा की ठिसूळपणावर औषध किंवा इंजेक्शन सुरू करायचं का, आणि डी जीवनसत्त्व तपासायचं का. पुष्कळ घरांत ऑपरेशनची धावपळ संपते आणि हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. मोरीत रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडी याच आठवड्यात बसवून घ्या.

फिजिओथेरपीवाल्याने दिलेले व्यायाम जेवणाइतकेच नियमाने करून घ्या. खाल्लेलं प्रोटीन वापरात असलेल्या स्नायूकडे जातं, पडून राहिलेल्या माणसाच्या मांडीत ते भरत नाही. खुर्चीतून हातांचा आधार न घेता किती वेळा उठता येतं, हे दर रविवारी बघत जा.

त्याच दिवशी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. महिनाभरात ५६ वर थांबलं तरी मी ते चांगलं समजेन. किलोभर वाढलं तर फारच उत्तम. पण दोन आठवडे हे सगळं करूनही काटा खालीच जात राहिला, किंवा ताप आला, ऑपरेशनची जागा लाल झाली, अन्न गिळताना अडकू लागलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.